परसदार : देवदारी खोक्यातली भाजी

पावसाची चाहूल लागली की घरोघरी परसदाराची आठवण होते. चार भेंड्या, दोन दोडक्याचे वेल, मिरचीची पाचसहा रोपे आणि कोथिंबिरीचा एक वाफा एवढे मागच्या दारी असले की बाजाराच्या दिवसापर्यंत कालवणाची चिंता राहत नाही. पण पूर्वीसारखी परसदारे आता राहिली कुठे? भावाभावांच्या वाटण्या झाल्या. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला नवे न्हाणीघर आणि उरलेल्या जागेत शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होऊन पालेभाजी कुजते, कोकणात कातळावर मातीच नसते आणि जिथे माती आहे तिथे कोंबड्या रोप टिकू देत नाहीत. म्हणून पुष्कळ घरी लाकडाच्या पेट्या करून त्यांत माती भरायची आणि भाजी लावायची असे सुरू झाले आहे. ही युक्ती चांगली आहे. पेटीत पाणी साचत नाही, तण कमी येते आणि कंबर न मोडता खुरपणी होते.

मात्र पेटी म्हटली की पहिला प्रश्न लाकडाचा. तालुक्याच्या गावी दुकानामागे देवदारी खोकी स्वस्तात मिळतात. फळी हलकी, सरळ, हाताने खिळा ठोकता येईल अशी असते. मग घरातली बाई विचारते, "हे लाकूड भाजीला चालेल ना? पोराबाळांच्या पोटात काही जाणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. लाकूड रात्रंदिवस ओल्या मातीला चिकटून राहणार, त्या मातीत मुळे वाढणार आणि त्या मुळांवरची भाजी आपण खाणार. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

उत्तर आधी थोडक्यात सांगतो. ज्या लाकडाला कोणतेही औषध, तेल किंवा रंग लावलेला नाही, असे कोरे देवदार भाजीला चालते. सागही चालतो, आंबाही चालतो, बाभूळही चालते. धोका लाकडाच्या जातीत नसतो, लाकडावर किंवा लाकडात माणसाने जे घातले त्यात असतो. म्हणून पेटी करताना लाकडाचे नाव विचारून थांबू नका, त्याची मागची सगळी हकीकत विचारा.

आता जरा खोलात जाऊ.

एका नावाची तीन झाडे

देवदार म्हणून जे झाड शास्त्रात ओळखले जाते ते हिमालयातले. काश्मीर, हिमाचल आणि गढवालच्या डोंगरांत ते उंच वाढते. त्याच्या लाकडाला सुगंध असतो आणि आत तेल असते. त्या तेलामुळे कीड आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे तीनशेहून अधिक खांब उभे आहेत, यावरून या लाकडाचा टिकाऊपणा कळावा. आपल्याकडच्या बायकांना हे झाड दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. बाळंतिणीला जो देवदार्व्यादि काढा देतात त्यात देवदार असतो. म्हणून देवदार वाटेल तेवढा पोटात जावा असे नव्हे, पण ते लाकूड जातीचे विषारी नाही एवढे यावरून समजावे.

दुसरे झाड अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम भागातले. तिकडे त्याला लाल सीडर म्हणतात. खरे पाहता ते देवदाराच्या कुळातले नाही, पण गुण तसेच. लाकूड हलके, तांबूस आणि कुजायला चिवट. तिकडे घराच्या अंगणात भाजीच्या पेट्या करायला हेच लाकूड फार वापरतात. ज्यांच्या लेकी-सुना त्या देशांत आहेत त्यांनी अशा पेट्यांची छायाचित्रे पाहिली असतील. त्या लाल सीडरच्या भुशाने लाकूड कापणाऱ्या कामगारांना दमा होतो ही गोष्ट खरी आहे. त्यातले प्लिकॅटिक आम्ल श्वासावाटे छातीत जाते आणि त्याचा त्रास होतो. पण तो त्रास उडणाऱ्या भुशाचा आहे. फळीच्या पेटीत वाढलेल्या टोमॅटोशी त्याचा काही संबंध नाही. एवढे मात्र घ्यावे की कोणतेही लाकूड कापताना किंवा रंधताना नाकातोंडाला फडके बांधावे. आपला साग आणि शिसवही काहींना सोसत नाहीत.

तिसरे लाकूड ते आपल्या वखारीतले. आपल्याकडे पांढुरके, हलके, गाठीचे जे खोक्याचे लाकूड असते त्याला सुतार सरसकट देवदार म्हणतात. बहुतेक वेळा ते चीड किंवा परदेशी पाइन असते. त्यातून राळेचा वास येतो. हेही लाकूड कोरे असेल तर भाजीला घातक नाही. पण खऱ्या देवदाराचा टिकाऊपणा त्याच्यात नाही. ओल्या मातीत ते दोन-चार वर्षांत भुसभुशीत होते आणि वाळवी लागली तर त्याहून लवकर. देवदार म्हणून पैसे मोजाल आणि घरी चीड आणाल, तर नुकसान खिशाचे, पोटाचे नव्हे.

लाकडातला रस मातीत उतरतो का?

पहिल्या पावसात नव्या पेटीतून तांबूस किंवा तपकिरी पाणी गळते. ते पाहून कित्येक जण घाबरतात. सागाच्या नव्या फळीतूनही असेच पाणी येते आणि भिंतीवर डाग पडतात. हा लाकडाच्या गाभ्यातला रंग आणि तुरट द्रव्ये आहेत. खिळ्याच्या आजूबाजूला काळे डाग पडतात तेही याच तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाल्याने. त्याने भाजी विषारी होत नाही. पाण्याबरोबर आलेली ही द्रव्ये मातीतल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात आणि काही काळाने मोडून जातात. मनात शंका राहात असेल तर रिकामी पेटी दोन-तीन पाऊस भिजू द्यावी, मग माती भरावी.

एक गोष्ट मात्र टाळावी. देवदाराचा, सागाचा किंवा कोणत्याही लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळू नये. भुसा कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. सुगंधी लाकडाच्या ताज्या भुशात बीही नीट उगवत नाही. भुसा वापरायचाच असेल तर तो शेणकाल्यात भिजवून खड्ड्यात चांगला वर्षभर कुजवावा. आणि फर्निचरच्या कारखान्यातला भुसा तर घेऊच नये, त्यात प्लायवूडचा डिंक आणि रंगाचे कण असतात.

खरा धोका कुठे आहे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. फुकट मिळालेली जाड, टिकाऊ, वाळवी न लागलेली फळी दिसली की आपल्याला आनंद होतो. पण वाळवी तिला का लागली नाही, हा प्रश्न आधी विचारावा.

पहिले संशयित म्हणजे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. रुळाखाली आता सिमेंटचे स्लीपर आले आणि लाकडी स्लीपर भंगारात निघाले. साल, साग, देवदार, चीड अशी निरनिराळी लाकडे त्यात असत. मऊ लाकडाला टिकाऊ करण्यासाठी क्रिओसोट पाजत. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल. त्यात कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये असतात. स्लीपर वीस वर्षे उन्हापावसात पडला तरी भर उन्हात त्याला डांबराचा वास येतो, कडेला काळा चिकट स्राव दिसतो. शिवाय रुळावरून जाणाऱ्या गाड्यांचे तेल आणि घाण त्यात मुरलेली असते. गोठ्याच्या पायरीला किंवा बांधाच्या टेकूला हे लाकूड वापरा, पण भाजीच्या मातीला ते लागू देऊ नका.

दुसरे संशयित म्हणजे हिरवट झाक असलेले औषधी लाकूड. यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन या आपल्या देशातल्या शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि सोमल यांचे एक मिश्रण शोधून काढले. सोमल म्हणजे आर्सेनिक. हे मिश्रण दाबाने लाकडात भरले की ते तंतूंना घट्ट धरून बसते. साधे मऊ लाकूडही मग वर्षानुवर्षे कुजत नाही. खाणींतले टेकू, तारांचे खांब, कारखान्यांचे लाकडी कूलिंग टॉवर यांना त्याचा मोठा उपयोग झाला आणि हा शोध जगभर पसरला. पण पुढे असे दिसून आले की त्यातला सोमल थोडाथोडा पाझरून लाकडालगतच्या मातीत उतरतो. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामाच्या लाकडाला हे औषध देणे कारखानदारांनी थांबवले. खांबांसारख्या कामाला ते चांगले आहे, यात वाद नाही. वाद एवढाच की खांबासाठी बनवलेली वस्तू मेथीच्या वाफ्याला लावू नये. कारखान्याच्या भंगारातून आलेल्या हिरवट, वजनदार, कडेला सुईने टोचल्यासारख्या खुणा असलेल्या फळ्या म्हणूनच घेऊ नयेत. जुन्या फळीची हिरवी झाक उडून ती राखी दिसते, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नये.

तिसरे संशयित आपल्या घरचेच आहे. फाटकाच्या खांबाला, गाडीच्या दांडीला वाळवी लागू नये म्हणून आपण ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासतो. कोणी डांबर लावतो, कोणी वाळवीचे औषध पाण्यात कालवून ओततो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि जळालेल्या तेलाची घातक द्रव्ये असतात. ते मातीत उतरले तर पावसाने निघून जात नाही. जुन्या धान्याच्या कोठीच्या फळ्यांनाही जपावे. पूर्वी कोठीला बीएचसी पावडर, म्हणजे लोकांच्या तोंडचे गॅमेक्झिन, सर्रास चोळत. त्यावर १ एप्रिल १९९७ पासून देशात बंदी आली. पण हे द्रव्य चिवट आहे, लाकडात आणि मातीत ते फार काळ टिकते.

चौथे, जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगवलेल्या फळ्या. जुन्या तैलरंगात शिसे भरपूर असे. रंगातल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर जाऊ नये हा आपल्याकडचा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर तो शिशाचा धरून चालावे. त्याचे पापुद्रे मातीत पडतात, मातीचे हात लेकरू तोंडात घालते. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. अशी फळी घासून कोरी करण्याचाही प्रयत्न करू नका, कारण त्या धुळीतच विष असते.

पाचवे, औषधांची खोकी, डबे आणि पिंपे. हे तर सगळ्यांत वाईट. कीटकनाशकाचे रिकामे पिंप मधोमध कापून त्यात वांगी लावलेली दिसतात. कितीही धुतले तरी त्याच्या अंगात औषध मुरलेले राहते. लाकडी खोक्यात बाटली फुटली असेल तर फळीने ते शोषून घेतलेले असते. कीटकनाशकाची रिकामी भांडी मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, पुन्हा वापरात येतील अशी बाहेर टाकू नयेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. जे औषध कातडीतून आणि श्वासातून माणसाला मारू शकते, त्याच्या भांड्यात आपण घरची भाजी वाढवायची काय?

खोक्यावरचा शिक्का वाचा

परदेशी माल ज्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतो, त्यांवर एक शिक्का जाळून किंवा छापून उमटवलेला असतो. त्यात गव्हाच्या ओंबीचे चित्र असते आणि शेजारी इंग्रजी अक्षरे. एका देशाच्या लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली हा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्या अक्षरांत एचटी असेल तर ते लाकूड नुसते तापवलेले आहे. आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली असते. हे चालते. एमबी असेल तर लाकडाला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते भाजीसाठी घेऊ नये. मुलांना इंग्रजी अक्षरे येतात, त्यांच्याकडून शिक्का वाचून घ्यावा.

पण शिक्का लाकडाला काय केले एवढेच सांगतो. त्यावरून पुढे कोणता माल गेला, त्यावर काय सांडले, हे तो सांगत नाही. म्हणून डाग असलेले, तेलकट किंवा उग्र वासाचे पॅलेट शिक्का चांगला असूनही सोडून द्यावे. फळे, फरशा किंवा यंत्राचे भाग आलेले, कोरडे, राळेच्या वासाचे खोके घ्यावे. विकणाऱ्याला सरळ विचारावे, "यातून काय आलं होतं?" त्याला सांगता आले नाही, तर दुसरे खोके पाहावे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा

देवदारच हवा असा हट्ट कशाला? आपल्या मुलखात लाकडाला तोटा नाही. डेहराडूनच्या संस्थेत निरनिराळ्या लाकडांचे तुकडे जमिनीत पुरून ते किती दिवस टिकतात हे पाहिलेले आहे. त्यावरून लाकडांच्या तीन प्रती ठरल्या. सरासरी १२० महिने, म्हणजे दहा वर्षे किंवा जास्त टिकले ते पहिल्या प्रतीचे. ६० ते १२० महिने टिकले ते दुसऱ्या प्रतीचे. त्याच्या आत कुजले ते तिसऱ्या. देवदार पहिल्या प्रतीचा, आणि आपला सागही पहिल्याच प्रतीचा. आंबा आणि सावर तिसऱ्या प्रतीची. पण ही प्रत आतल्या पक्क्या गाभ्याची असते. बाहेरचा पांढुरका कच्चा भाग सागाचा असला तरी लवकर जातो. तेव्हा फळी घेताना तिचा रंग पाहावा.

घर मोडताना निघालेले सागाचे जुने वासे आणि फळ्या रंग न लावलेल्या असतील तर त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. ते नसले तर बाभळीच्या, निंबाच्या फळ्या चालतील. आंब्याची फळी दोन-तीन पावसाळे निघेल, मग ती कुजून खत होईल, तिचा लोभ धरू नये. बांबूच्या कामट्यांची चौकटही एक-दोन वर्षे काम देते. आणि लाकूडच पाहिजे असेही नाही. कोकणात जांभ्याचे चिरे आहेत, घाटावर दगड आहे, सगळीकडे विटा आहेत. चिरे नुसते एकावर एक रचून फूटभर उंचीचा वाफा केला तर त्याला कीड नाही की कूज नाही. गळके माठ, युरियाची धुतलेली गोणी, मोडके घमेले यांतही कोथिंबीर छान येते.

पेटी कशी करावी

लांबी चार फूट, रुंदी दोन फूट आणि खोली एक फूट हे माप सोयीचे. मेथी, पालक, कोथिंबीर यांना आठ इंच माती पुरते. वांगी, टोमॅटो, मुळा यांना फूटभर हवी. फळी इंचभर जाडीची तरी असावी. तळाच्या फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी किंवा वीतभर अंतरावर भोके पाडावीत. पेटी जमिनीवर थेट ठेवू नये. चार कोपऱ्यांखाली आणि मध्ये विटा द्याव्यात, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवीची माती वर चढताना नजरेस पडते. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे पसरावेत, त्यावर दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे.

ही पेटी भरली की तिच्यात आठ घनफूट माती होते. एक घनफूट ओली माती चाळीस किलोंच्या पुढेच भरते, म्हणजे पेटी तीनशे किलोंच्या वर गेली. म्हणून ती जुन्या माळवदावर किंवा कच्च्या स्लॅबच्या मधोमध ठेवू नये.

लाकूड टिकावे म्हणून काही लावायचेच असेल तर घाण्याचे कच्चे जवसाचे तेल बाहेरच्या अंगाला दोन हात द्यावे आणि आठवडाभर वाळू द्यावे. बाजारात रंगाच्या दुकानी मिळणारे दोनदा उकळलेले जवसतेल मात्र नको, ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची द्रव्ये घातलेली असतात. काजूच्या टरफलाच्या तेलाने लाकूड टिकते हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे, पण ते अंगाला लागले की फोड येतात. भाजीच्या पेटीपासून ते दूरच बरे. वाळवीरोधक म्हणून विकले जाणारे प्लायवूडही नको, कारण त्याच्या डिंकात वाळवीचे विष मिसळलेले असते.

पेटी आधीच केली असेल तर

काही घरी संशयाच्या लाकडाची पेटी दोन-चार वर्षांपासून असेल. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण बदल आज करावा. सोमल आणि शिसे मातीत फार लांब जात नाहीत, लाकडालगत त्यांचे प्रमाण जास्त असते. मुळा, गाजर, बीट यांसारखी कंदमुळे आणि पालक, मेथी, चुका यांसारख्या पालेभाज्या यांच्यात ही द्रव्ये किंवा त्यांची माती जास्त जाते. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या फळात त्या मानाने कमी. म्हणून अशा पेटीत निदान पालेभाजी आणि कंद तरी ताबडतोब बंद करावेत. सगळ्यांत चांगले म्हणजे तीत झेंडू आणि शेवंती लावावी. देवाला फुले होतील आणि पोटात काही जाणार नाही. औषधाचे पिंप किंवा डबा असेल तर मात्र फुलांसाठीही ठेवू नये, कारण उद्या घरातले कोणी तो धुऊन पाणी भरील. अशा पेटीतली माती काढली तर ती भाजीच्या रानात, उकिरड्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

चुलीत घालू नका

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हे लाकूड पेटीला नको म्हटले की आपल्याकडे त्याची वाट एकच, ती म्हणजे चूल किंवा पाणी तापवण्याचा बंब. इथेच मोठी चूक होते. सोमल भरलेले लाकूड जाळले तर काही सोमल धुरातून घरात पसरतो आणि उरलेला राखेत साठतो. क्रिओसोटच्या लाकडाचा धूरही तसाच घातक, रंगवलेल्या फळीच्या राखेत शिसे राहते. आणि राख आपण काय करतो? तिने भांडी घासतो, मिरचीवर मावा पडला तर भुरभुरतो, वाफ्यात टाकतो, कडधान्याला चोळतो. गुरांना राखेचा खारटपणा आवडतो. औषधी लाकडाची राख चाटून गुरे दगावल्याची उदाहरणे परदेशात नोंदलेली आहेत. म्हणजे जे विष पेटीत थोडेथोडे पाझरले असते, ते चुलीच्या वाटेने एकदम ताटात आणि दावणीला येते.

म्हणून घरातल्या सगळ्यांना, विशेषतः सरपण गोळा करणाऱ्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना, हे नीट समजावून सांगावे. काळ्या डांबरट वासाचे, हिरवट झाकेचे, रंगवलेले आणि औषधाचे डाग असलेले लाकूड चुलीला लावायचे नाही. ते सरपणाच्या ढिगात ठेवूच नये. कुंपणाला, गोठ्याबाहेरच्या टेकूला किंवा ओट्याच्या कडेला ते उपयोगी पडेल. तसा उपयोग नसेल तर एका बाजूला, पोरे खेळत नाहीत अशा कोरड्या जागी वेगळे रचून ठेवावे.

या रविवारी आठवडी बाजारातून आल्यावर मागच्या दारी एक फेरी मारा. पेटीची फळी हाताने चाचपा, वास घ्या, शिक्का पाहा, ती कुठून आली ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. कोरे लाकूड निघाले तर निश्चिंत मनाने मेथी पेरा, मग ते देवदार असो, चीड असो की आंबा असो. हकीकत कळली नाही तर त्या पेटीत झेंडू लावा, आणि भाजीसाठी चार चिरे रचा.